मोडीचा तक्ता पाठ झाल्यानंतर

मोडी लिपी शिकवणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. वर्ग संपताना प्रमाणपत्र हाती मिळते. परंतु खरा जुना कागद समोर आला की सुरुवातीला जवळजवळ काहीच वाचता येणार नाही आणि तसे होणे स्वाभाविक आहे, एवढे एक वाक्य कोणी सांगत नाही. ते न ऐकल्यामुळे उमेदीने आलेली माणसे स्वतःच्या बुद्धीवर शंका घेतात आणि लिपी सोडून देतात. आमच्या वर्गातील बरेच जण असेच गळाले.

मला ही लिपी शिकावीशी वाटली ती घरच्या कागदांमुळे. सासऱ्यांच्या पेटीत जमिनीचे जुने दस्त आणि काही पत्रे एका रुमालात बांधून ठेवलेली होती. 2023 साली राज्यभर जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचकांकडे कामाची रीघ लागली आणि आमच्या कागदांची पाळी काही येईना. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे माझ्याकडे वेळ होता, म्हणून आपणच शिकावे असे ठरवले. प्रवेश सहज मिळाला. मुळाक्षरे आणि बाराखडीही लवकर हाताखालून गेली. ओळभर शिरोरेषा आधी ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, ही पद्धत मला फार आवडली. ह्रस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे लेखनही सोपे वाटले.

त्यानंतर रुमालातील पहिला दस्त उघडला आणि मी तेथेच अडले. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, एका ओळीच्या शेवटी सुरू झालेला शब्द पुढच्या ओळीत जाऊन संपतो. अक्षराला काना जोडला की दोघांचे मिळून एकच वळण होते आणि ते तक्त्यातल्या अक्षरासारखे राहत नाही. अनुस्वार बहुधा दिलेलाच नसतो. वर्गातला तक्ता एका सावकाश, नेटक्या हाताने काढलेला होता. आमचा दस्त लिहिणारा कारकून मात्र घाईत असावा, कारण त्याची कित्येक अक्षरे अर्ध्यावरच पुढच्या अक्षरात मिसळली होती. भिंग घेऊन एकेक अक्षर वहीत उतरवले तरी त्यांचा शब्द होत नव्हता. वर्गात विचारले तर ‘सराव करा’ असे उत्तर मिळाले. सराव कशाचा करायचा आणि कोणत्या क्रमाने करायचा, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचा मला आजही राग येतो. घरी ‘आता या वयात कशाला डोळे शिणवतेस’ असे प्रेमाने सांगणारे होतेच. कित्येकदा मी रुमाल उघडला आणि एकही शब्द न लागता पुन्हा बांधून ठेवला. अक्षरे येत असूनही वाचता येत नाही, ही अवस्था अक्षरे न येण्यापेक्षा अधिक खचवणारी असते, कारण दोष आपल्यातच आहे असे मन घेऊन बसते.

ही गाठ सोडवली ती ओळखीच्या एका वृद्ध मोडी वाचकांनी. त्यांनी दस्त हातातही घेतला नाही. “ताई, खरेदीखतात काय काय लिहिलेले असते, ते मला तोंडी सांगा बरे,” एवढेच ते म्हणाले. मला सांगता आले नाही. मग त्यांनी साचा समजावून दिला: वरती तारीख, त्यानंतर लिहून घेणाऱ्याचे आणि लिहून देणाऱ्याचे नाव, गाव, मग ‘कारणे’ हा ठरलेला शब्द, पुढे रक्कम, जमिनीची चतुःसीमा म्हणजे चारही दिशांच्या हद्दी आणि शेवटी साक्षी. “अक्षरे शोधू नका, ‘पूर्वेस’ शोधा,” असे त्यांनी सांगितले.

मी घरी येऊन दस्ताच्या उत्तरार्धात ‘पूर्वेस’ शोधू लागले आणि तो शब्द सापडला. तो सापडल्यावर थोड्या अंतराने ‘पश्चिमेस’, ‘दक्षिणेस’ आणि ‘उत्तरेस’ असणारच हे ठाऊक होते. हे चार शब्द लागताच त्या कारकुनाचा ‘स’ कसा, मात्रा कशी, ‘र’ कोठे चिकटतो, हे सारे त्याच्याच हातचे मला मिळाले. त्या अक्षरांवरून शेजारच्या शेतकऱ्यांची नावे लागली, नावांवरून नवी अक्षरे लागली. त्या रात्री मी उशिरापर्यंत जागी होते आणि आपण हे शिकू शकतो याबद्दल त्यानंतर मला कधी शंका आली नाही. ही श्रद्धा मला कोणाच्या धीराच्या शब्दांनी दिली नाही. चार ठरलेल्या शब्दांनी दिली.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की लिपीइतकाच वेळ त्या काळच्या भाषेला द्यावा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या 22 खंडांपैकी हाती येईल तो खंड घेऊन त्यातील पत्रे मोठ्याने वाचावीत. ती बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, छापलेली असल्यामुळे अक्षरांचा अडथळा राहत नाही, आणि ‘राजमान्य राजश्री’, ‘सदरहू’, ‘बहुत काय लिहिणे’ हे शब्द कानात बसले की पुढे मोडीत ते पाहताक्षणी ओळखू येतात. दुसरे असे की प्रारंभी एकाच हाताचे कागद घ्यावेत. रोज नवा हात घेतला तर रोज नव्याने अडखळावे लागते.

तारखांचे राहिलेच. जुन्या कागदांत सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक वर्षगणना, अरबी शब्दांत येतो, आणि एककापासून सुरू होतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1172. हे वर्ष जूनमधल्या मृग नक्षत्रापासून सुरू होते. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यापुढे 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे येथे 1771-72. हे अरबी आकडे पहिल्याच आठवड्यात पाठ करावेत, म्हणजे कागदाची पहिली ओळ तरी हमखास लागते आणि तेवढ्याने पुढे जाण्याचे बळ येते. रकमेतील पाव, अर्धा आणि पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघाही वेगळ्या शिकून घ्याव्यात. त्या विरामाचे दंड समजून सोडल्या तर हिशेब चुकतो.

जो शब्द लागत नाही तेथे वहीत जागा कोरी ठेवावी, विशेषतः जमिनीच्या कागदात अंदाजाने नाव भरू नये. आणि मूळ कागद हाताळून फाटण्याआधी दिवसाच्या उजेडात त्यांची छायाचित्रे काढून त्यांवरूनच वाचावे. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नये, कागद लॅमिनेट तर मुळीच करू नये. आमच्या रुमालातील दोन पत्रांवर पूर्वी कोणीतरी पट्टी लावली होती आणि त्या पट्टीखालच्या ओळी मला अजून लागलेल्या नाहीत.