राजवाड्याच्या पडद्यापुढची भाषणे

धान मळून घरात आले की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी मंडळाचा वार्षिक मेळावाही त्याच दिवसांत, ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त भरत असे. मी १९८४ साली तेथे दाखल झाले, तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. रंगमंचासाठी पडदा वडशाच्या एका नाटक मंडळीकडून उसना येई. त्यावर राजवाडा रंगवलेला असल्यामुळे स्त्रीशिक्षणावरची आमची सगळी भाषणे राजाच्या दरबारात झाल्यासारखी दिसत.

पहिल्या वर्षीचा मेळावा रांगोळी, समूहगीत आणि वांगे-आलूच्या भाजीवर संपला. भाजी उत्तम होती, एवढेच आठवते. दुसऱ्या वर्षी मात्र मराठीच्या मॅडमनी मंडळाचे काम हाती घेतले. स्त्रियांची चळवळ म्हणजे पुण्या-मुंबईकडचा विषय, अशी आमची समजूत होती, आणि ती त्यांनी एका दुपारी मोडून काढली. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या ढोंगाचा समाचार घेणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली आणि अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या, हेही तेव्हाच कळले. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांबरोबर त्या परिषदेने विडी कारखान्यांतील बायांच्या रजेचीही मागणी केली होती, हे ऐकून विड्या वळायच्या तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबरोबर जंगलात जाणाऱ्या आमच्या मैत्रिणी एकदम सावरून बसल्या.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी मथुरा प्रकरणावर बोलायचे ठरवले. प्राचार्यांनी जयंतीच्या दिवशी असला विषय नको असे सुचवले, त्यावर मॅडमनी शांतपणे कार्यक्रमपत्रिकेत ‘कायदा आणि स्त्रिया’ एवढेच छापून घेतले. छोट्या रेल्वेने आम्ही ज्या वडशाला नाटके पाहायला जात होतो, त्याच वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, शहरोशहरी स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली.

देशभर गाजलेले हे प्रकरण आमच्या घरांत कोणी कधी उच्चारले नव्हते, आणि त्याचे मला आजही नवल वाटते. बहुधा पोलीस ठाणे इतके जवळ असले की माणसे आवाज खाली ठेवूनच जगतात. मॅडमचे बोलणे संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. चहाचे पेले गोळा करणाऱ्या महाविद्यालयातल्या मावशी दाराशी थांबल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आमच्याच इथली गोष्ट होय बाई ते.” मॅडमनी त्यांना पुढे बोलावून खुर्ची दिली, पण मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत, आमच्याबरोबर सतरंजीवर बसल्या आणि त्या वेळी गावात काय काय बोलले जात होते ते अर्धा तास सांगत राहिल्या.

त्यानंतरची माझी सगळी संमेलने मी त्या अर्ध्या तासाशी ताडून पाहिली. पुढे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या विशाखा निकालानंतर महाविद्यालयांत तक्रार समित्या आल्या, २०१३ मध्ये त्यांना कायद्याचे बळ मिळाले. गेल्या जानेवारीत माजी विद्यार्थिनी म्हणून गेले, तर समितीच्या सदस्यांची नावे असलेला फलक दारातच लावलेला दिसला. मागे लावलेला पडदा मात्र आता छापील होता, आणि मावशींची नात सूत्रसंचालन करत होती.