केनिलवर्थ: पाडलेला किल्ला आणि पत्रातून उगवलेली बाग

इंग्लंडमधल्या केनिलवर्थच्या बालेकिल्ल्याला उत्तरेकडची भिंत नाही. १६४९ साली पार्लमेंटच्या हुकमावरून ती पाडली गेली आणि आजही ती जागा उघडीच ठेवली आहे. त्या भगदाडाच्या पायथ्याशी मात्र एक नेटकी बाग आहे. संगमरवरी कारंजं, चौकोनी वाफे, सोनेरी नक्षीचं पक्षिघर, सगळं अगदी ताजं. ही बाग २००९ साली लोकांसाठी खुली झाली. म्हणजे किल्ला जसा पडला तसा राखला आणि बाग मात्र मुळापासून नव्याने घडवली. एकाच आवारात असे दोन उलटे निर्णय का घेतले असतील, हे मला प्रत्यक्ष बघायचं होतं.

माझी भाची वॉरिक विद्यापीठात शिकते. केनिलवर्थ तिथून हाकेच्या अंतरावर. मागच्या जुलैमध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एक अख्खा दिवस या किल्ल्यासाठी राखून ठेवला होता.

आत जाण्याची वाट एका लांबलचक बांधावरून जाते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात याच बांधावर घोडेस्वारांच्या भाल्यांच्या झुंजी होत, पण मुळात तो पाणी अडवण्यासाठी घातलेला. दोन ओढ्यांचं पाणी अडवून किल्ल्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला शंभर एकरांहून मोठं तळं केलं होतं. आज तिथे नुसतं कुरण आहे. पण बांधावर उभं राहून डावीकडे पाहिलं की जमिनीचा खोलगट आकार लगेच लक्षात येतो, आणि पाणी भरलेलं असताना हा किल्ला किती अवघड असेल याचा अंदाज येतो.

किल्ला जेफ्री द क्लिंटन या सरदाराने ११२० च्या दशकात बांधायला घेतला. पुढे जॉन राजाने बाहेरचा तट चढवला आणि पाण्याचा वेढा वाढवला. त्या पाण्याची खरी परीक्षा झाली १२६६ मध्ये. आदल्या वर्षी इव्हशमच्या लढाईत राजाविरुद्ध बंड करणारा सरदार सायमन द माँफर्ट मारला गेला होता, तरी त्याचे लोक हा किल्ला सोडायला तयार नव्हते. तिसऱ्या हेन्री राजाने वेढा घातला. पाण्यामुळे तटाखाली सुरुंग खणता येईनात, तेव्हा चेस्टरहून होड्या मागवल्या. त्यांनीही काम भागलं नाही. जून ते डिसेंबर असे सहा महिने किल्ला लढला आणि शेवटी शरण आला तो उपासमारीने आणि रोगराईने. वेढा चालू असतानाच राजाने एक जाहीरनामा काढला होता. बंडखोरांना दंड भरून आपल्या जप्त जमिनी परत मिळवता येतील, असं त्यात होतं. किल्ला न पडल्यामुळे राजाला तडजोडीची भाषा बोलावी लागली, हे मला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं.

नंतरचा इतिहासही भरगच्च आहे. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला इथेच कैदेत असताना गादी सोडायला लावली. त्याच शतकात राजपुत्र जॉन ऑफ गाँटने इथे मोठा दरबारी दिवाणखाना बांधला. त्याचं छप्पर गेलंय, जमीनही गेली आहे. आपण उभे राहतो तळघरात, आणि मान वर केली की पहिल्या मजल्यावरच्या शेकोट्या आणि उंच कमानदार खिडक्या भिंतींत अधांतरी दिसतात.

पण बागेची गोष्ट रॉबर्ट डडली या दरबारी सरदारापासून सुरू होते. एलिझाबेथने १५६३ मध्ये हा किल्ला त्याला दिला आणि पुढच्याच वर्षी त्याला लेस्टरचा अर्ल केलं. दोघांची जवळीक सगळ्या दरबाराला माहीत होती. डडलीची पत्नी १५६० मध्ये जिन्याखाली मरून पडलेली सापडली होती, आणि त्या मृत्यूभोवतीच्या कुजबुजीने त्याची पाठ कधी सोडली नाही. राणीशी लग्न होईल ही आशा त्याने तरीही धरली होती. राणीच्या मुक्कामासाठी त्याने चार मजली नवी इमारत उठवली, लालसर वालुकाश्माची, भल्यामोठ्या खिडक्यांची. काच तेव्हा महाग होती, त्यामुळे खिडकी जेवढी मोठी तेवढी श्रीमंती मोठी. आता या इमारतीच्या पोकळीत जिने आणि सज्जे बसवले आहेत. त्यावरून चढत राणीच्या खाजगी दालनांच्या उंचीपर्यंत जाता येतं. दालनं नाहीत, पण त्या खिडक्यांतून उजेड कसा येत असेल ते कळतं.

जुलै १५७५ मध्ये राणी इथे १९ दिवस राहिली. तिच्या सगळ्या दौऱ्यांमध्ये एका सरदाराच्या घरी केलेला हा सर्वांत लांब मुक्काम. तळ्यावर तरंगत्या बेटावरून जलदेवी स्वागताला आली, रात्री दारूकाम झालं, नाटकं झाली, शिकारी झाल्या. आणि बालेकिल्ल्याच्या बुरुजावरच्या घड्याळाचे काटे दोनवर थांबवून ठेवले होते. राणी इथे असेपर्यंत वेळ पुढे सरकणार नाही, असा त्याचा अर्थ. लग्नाचा विषय सुचवणारं एक नाटकही तयार होतं, पण ते झालंच नाही. कारण सांगितलं गेलं ते पावसाळी हवेचं. लग्नाचा योगही पुढे कधी आला नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते प्रामुख्याने एका पत्रातून. रॉबर्ट लँगहॅम नावाचा दरबारातला एक सामान्य अधिकारी त्या वेळी तिथे होता. त्याने लंडनमधल्या आपल्या व्यापारी मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. राणीची बाग खाजगी. पण एक दिवस राणी शिकारीला गेली असताना एड्रियन नावाच्या माळ्याने लँगहॅमला हळूच आत सोडलं. तो आत गेला आणि जे दिसलं ते मोजून-मापून लिहून ठेवलं. एक एकराची बाग. बालेकिल्ल्याच्या बाजूने दहा फूट उंच आणि बारा फूट रुंद हिरवळीचा ओटा. चार वाफे, प्रत्येकात पंधरा फुटी स्तंभ. मध्ये पांढऱ्या संगमरवराचं अष्टकोनी कारंजं, त्यात पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन मल्ल डोक्यावर गोल पेलताहेत. टाकीत मासे. एका तोटीने अचानक पाणी उडवून बेसावध पाहुण्याला नखशिखांत भिजवायची सोयसुद्धा. तीस फूट लांबीचं पक्षिघर, त्यावर हिरे, पाचू, माणकांसारखी दिसणारी सजावट. स्ट्रॉबेरी, चेरी, सफरचंद, नासपतीची झाडं. उन्हाळी दुपारी कारंज्याच्या तुषारांचा गारवा आणि फुलांचा वास यांवर तो इतकं भरभरून लिहितो की चारशे वर्षांनंतरही वाचताना त्याचा हेवा वाटतो.

सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धानंतर हे सगळं संपलं. राजेपक्षाला पुन्हा हा किल्ला वापरता येऊ नये म्हणून पार्लमेंटने तो निकामी केला. बालेकिल्ल्याची भिंत पाडली, तटाला खिंडारं पाडली, बांध फोडून तळं रिकामं केलं. पाडलेली भिंत बागेच्याच बाजूची. तिथे उभं असताना मला आपल्याकडचं १८१८ साल आठवल्याशिवाय राहिलं नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे तोफा-सुरुंगांनी उडवले. हे काम त्यांनी आधी आपल्या घरच्या किल्ल्यांवर केलं होतं. जिंकलेला गड पुन्हा लढता कामा नये, हा विचार दोन्हीकडे तोच.

पुढची तीनशे वर्षं बाग जमिनीखाली राहिली. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे प्रवासी या पडक्या किल्ल्याकडे लोटू लागले, पण ते यायचे वेलींनी झाकलेले अवशेष पाहायला. १९३७ मध्ये मोटार उद्योजक सर जॉन सिडली यांनी किल्ला विकत घेऊन सरकारच्या देखभालीखाली दिला. १९५८ मध्ये त्यांच्या मुलाने तो गावाला बहाल केला. आज इंग्लिश हेरिटेज ही संस्था तो सांभाळते. १९७० च्या दशकात सतराव्या शतकातल्या एका नकाशावरून तिथे एक बाग केली होती, पण ती बरीचशी अंदाजाची होती.

पत्रावर विसंबायचं तर एक अडचण होती. हे पत्र खरंच लँगहॅमचं, की कोणी त्याच्या नावावर खपवलेली थट्टा, यावर अभ्यासकांत वाद होता आणि तो पुरता मिटलेला नाही. शिवाय दरबारी माणूस वर्णनात मीठ-मसाला घालणारच. म्हणून आधी उत्खनन झालं. या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञांनी बागेची जागा खणली, आणि मधोमध कारंज्याचा पाया सापडला. अष्टकोनी. पत्र कोणी का लिहिलेलं असेना, ते लिहिणाऱ्याने कारंजं पाहिलं होतं, याची साक्ष जमिनीने दिली. वीस लाख पौंडांहून जास्त खर्चाची ही बाग त्या पायावर उभी राहिली.

आज बागेत उतरायचं तर बालेकिल्ल्याला लागून असलेल्या देवडीतून त्या ओट्यावर यायचं. समोर एकदम बाग उलगडते. कारंजं करारा संगमरवरात नव्याने घडवलंय, सुमारे १८ फूट उंच. शेंड्यावर डडली घराण्याचं चिन्ह, फांद्या छाटलेला सोटा. अस्वल आणि असा सोटा हे चिन्ह आजही वॉरिकशायर परगण्याचं म्हणून वापरलं जातं. अष्टकोनाच्या बाजूंवर समुद्रदेव, जलपऱ्या, लाटा. मी बराच वेळ कठड्याशी वाकून ते कोरीवकाम पाहत होतो. पाण्याची झुळूक लागत होती, आणि कडेच्या वाफ्यांतून पिंक्स फुलांचा लवंगेसारखा वास येत होता. लँगहॅमने फुलं थोडीच नोंदवली आहेत. बाकीची लागवड त्या काळी इंग्लंडमध्ये माहीत असलेल्या झाडांतून निवडली. आजची पैदाशीची, मोठ्या पाकळ्यांची भडक फुलं इथे नाहीत. त्यामुळे बाग पहिल्या नजरेत थोडी विरळ वाटते, पण मला तोच तिचा गुण वाटला.

भाचीला हे सगळं पटलं नाही. ती स्तंभांना हात लावून पाहत होती. हे स्तंभ लाकडाचे, वरून दगडासारखे रंगवलेले.

"मामा, मग ही खोटीच झाली ना? नाटकाच्या सेटसारखी?"

"डडलीचंही पक्षिघर असंच रंगवलेलं असणार," मी म्हटलं. "पक्ष्यांच्या पिंजऱ्याला कोण खरे हिरे लावील? ही बाग तेव्हासुद्धा राणीवर छाप पाडायला मांडलेला देखावाच होती."

"पण ती त्याची होती. ही आपल्या अंदाजाची."

तिचा मुद्दा खोटा नाही. कारंज्यावरच्या मल्लांचे चेहरे आजच्या शिल्पकाराचे आहेत, वाफ्यांतले आकार आजच्या माणसांनी ठरवले आहेत. तरीही मी या बागेच्या बाजूने आहे. भिंतीचं आणि बागेचं दुखणं वेगळं आहे. बालेकिल्ल्याची एक भिंत गेली तरी बाकीच्या अजून उभ्या आहेत. त्यांच्या कापलेल्या कडेत भिंतीची प्रचंड जाडी दिसते, १६४९ चा घावही दिसतो. तिथे नवे दगड चढवले असते तर खरे दगड आणि खरा घाव दोन्ही झाकले गेले असते. बागेचं तसं नाही. झाडं मेली, लाकूड कुजलं, संगमरवर गेला. पायाशिवाय झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाग अवशेष म्हणून जपता येत नाही. ती लावावी लागते, नाहीतर ती नसते.

आपल्याकडे गडांच्या संवर्धनावर वाद होतात, तेव्हा "जसं आहे तसं ठेवा" आणि "पूर्ववत उभं करा" अशा दोनच फळ्या दिसतात. केनिलवर्थला प्रत्येक जागेपुढे वेगळा प्रश्न ठेवला आहे: इथे खरं काय उरलंय, आणि आपल्या कामाने ते झाकलं जाणार आहे का? रायगडावरच्या वाड्यांच्या जोत्यांबद्दल बोलतानाही हाच प्रश्न आधी विचारावा, असं मला मनापासून वाटतं. आणि पुनर्निर्मिती करायचीच असेल तर आधी खणावं, कागद तपासावेत. नुसत्या अभिमानावर बांधकाम काढू नये.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पक्षिघरात कॅनरी पक्षी होते, सुरेख गाणारे. पण इतक्या मोठ्या सजावटीत ते हरवून जातात. लँगहॅमने देशोदेशीच्या पक्ष्यांचा कलकलाट वर्णिलाय. त्याची सर या थोड्या पक्ष्यांना येत नाही.

बागेतून उत्तरेच्या दरवाजाकडे गेलात की लेस्टरची देवडी लागते. किल्ला पाडायला आलेला पार्लमेंटचा अधिकारी कर्नल हॉक्सवर्थ याने हीच देवडी घर म्हणून राहायला घेतली, म्हणून ती छपरासकट वाचली. आत अलाबास्टर या मऊ दगडाची एक शेकोटी आहे, डडलीच्या नावाची आणि हुद्द्याची अक्षरं कोरलेली. मूळची ती राणीसाठी बांधलेल्या इमारतीतली, पाडापाडीनंतर इकडे आणून बसवलेली. डडलीच्या वैभवातली जागची हललेली पण शाबूत राहिलेली एवढी जवळून पाहता येणारी वस्तू इथे दुसरी मला दिसली नाही, तेव्हा ती चुकवू नका.

जायचं असेल तर लंडनच्या युस्टन स्थानकावरून कॉव्हेंट्रीला उतरा. तिथून केनिलवर्थला छोटी गाडी मिळते. हे स्टेशन अनेक दशकं बंद होतं, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालं. स्टेशनपासून किल्ला चालत जाण्याजोगा आहे, वाट ॲबी फील्ड्स नावाच्या मोठ्या मैदानातून जाते. चहा-नाश्ता आवारातल्या जुन्या तबेल्यात मिळतो, लाकडी सांगाड्याची सोळाव्या शतकातली सुंदर इमारत आहे ती. बागेसाठी जून-जुलै उत्तम, लँगहॅमने पाहिली तीही जुलैतच. आणि आधी बांधावरून तळ्याची जागा पाहा, मग बालेकिल्ला, मग बाग. उलट क्रमाने गेलात तर बाग फक्त सुंदर वाटेल, ती कशाच्या ढिगाऱ्याशेजारी उगवली आहे ते लक्षात येणार नाही.