राणीचं इन्सुलिन

बुधवार, रात्री

आमच्या मधुमेही कुत्रीने, राणीने, आज मान वळवूनही पाहिलं नाही. चिकन-भात चाटूनपुसून खाण्यात दंग. क्रम ठरलेला: आधी खाणं, मग सुई. पोटात काही नसताना इन्सुलिन गेलं तर साखर घसरते, पाय लटपटतात, फिटही येऊ शकते. म्हणून मधाची बाटली ओट्यावरच ठेवलेली असते. तशी वेळ आलीच तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

टोचणं सोपं आहे हो. छळते ती शंका: गेलं का आत? कुशीवरची कातडी चिमटीत उचलायची, घडीच्या बुडाशी सुई घालायची. पण घडी पातळ धरली गेली तर सुई पलीकडून बाहेर येते आणि औषध केसांतच सांडतं. मग बोट फिरवून बघायचं, नाक लावून वास घ्यायचा. इन्सुलिनला दवाखान्याचा उग्र दर्प असतो. आज केस जरा ओलसर लागले. पुन्हा थोडं देऊ का, असं मनात येतंच. पण डॉक्टरांनी बजावलंय, शंका आली तरी दुसऱ्यांदा द्यायचं नाही. एक वेळ साखर चढलेली परवडते, घसरलेली जिवावर बेतते.

मेडिकलवाल्याने परवा केशरी टोपणाच्या सिरिंज दिल्या. त्या मिलिलिटरला १०० युनिटवाल्या इन्सुलिनच्या. हिच्या बाटलीत मिलीला ४० युनिट. केशरीत दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जाणार जेमतेम चार. "सगळ्या सारख्याच असतात ताई," म्हणे! ४० युनिटवाल्या, लाल टोपणाच्या घेऊनच आले.

बाबांची बाटलीही फ्रीजच्या दारात, तिच्याच शेजारी. ते मात्र रोज कुरकुरतात. टोरंटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून, हे सांगितलं तर म्हणाले, "मग आधी तिला दे, तिचा मान."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय. मधुमेही कुत्र्यांत तो सर्रास होतो, तरी बघवत नाही.

शनिवारी सांगलीला मावशीकडे वास्तुशांत आहे. दर बारा तासांनी इंजेक्शन, म्हणजे मुक्काम अशक्यच. बाबा म्हणतात, "तू जा, मी देतो." हात थरथरतो त्यांचा. उद्या सकाळी माझ्यासमोर त्यांनाच द्यायला लावते, मग तिकिटाचं बघू.