खपली

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला : 'रविवारी सकाळी सात वाजता गच्चीवर साउंड हीलिंग. चटई आपापली आणावी.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि टाकी धुण्याचा विषय पुन्हा मागे पडला.

हल्ली हे हीलिंग कुठेही भेटतं. स्फटिकाचं, काशाच्या वाट्यांचं, डोंगरावर राहून करायचं. पूर्वी लोक नुसते बरे व्हायचे.

दुपारी जेवण झालं की इंग्रजी शब्दकोश घेऊन लवंडायची मला खोड आहे. झोपेला तेवढंच निमित्त. त्यात सापडलं की जुन्या इंग्रजीत 'हाल' म्हणजे अखंड, धडधाकट. हील म्हणजे मोडलेलं पुन्हा धड करणं. होल, हेल्थ, होली ही सगळी त्याच घरातली भावंडं. येशूलाही तेव्हा 'हेलेंड' म्हणत, म्हणजे बरं करणारा. आणि 'वेस हाल' हा आशीर्वाद, धडधाकट राहा! आपल्याकडे कुणाला हालांवरून आशीर्वाद द्यायला जाऊ नये.

पण अखंड म्हणे! माझा डावा गुडघा बघा. शाळेच्या मैदानात सगळा मुरूम, त्यामुळे तो कायम सोललेला. खपली धरली की आई बजावायची, हात लावशील तर बघ. आता खपलीला हात न लावणं कुठल्या पोराला जमलंय? कडा आधी सुटते. तिथे नख घालून जरा उचलायची, दुखलं की थांबायचं, परत दाबून बसवायची. गणिताच्या तासाला हे काम फार छान होतं. मध्ये ओलं असतं, तिथे घाई केली की टचकन रक्त. मग आजी हळद दाबायची. फुंकर आधी की शिव्या आधी, ते त्या दिवशीवर. व्रण अजून आहे, गुळगुळीत, केस नसलेला. जखम भरली तरी व्रणाच्या कातडीत मूळच्या बळाच्या फार तर ऐंशी टक्के बळ येतं म्हणतात. म्हणजे पहिला वर्ग, पण पैकीच्या पैकी नाही.

शब्दकोशावरून सॅम्युएल जॉन्सन आठवला. १७५५ साली ज्याने इंग्रजीचा तो गाजलेला कोश काढला, तो. लहानपणी त्याला गंडमाळ झाली होती. राजाने किंवा राणीने हात लावला की ती बरी होते असा तिकडे समज, आणि त्या विधीचं नावच हीलिंग. प्रार्थनेच्या पुस्तकात रीतसर छापलेला. १७१२ साली आई त्याला लिचफील्डहून लंडनला घेऊन गेली. पोर अडीच वर्षांचं. अ‍ॅन राणीने हात लावला, गळ्यात घालायला सोन्याचं नाणं दिलं. मोठेपणी त्याला आठवायची ती एक हिऱ्यांनी मढलेली, काळ्या ओढणीतली बाई, तीही अंधुक.

गंडमाळ काही गेली नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, चेहऱ्यामानेवर व्रण राहिले. दोन वर्षांनी राणी वारली आणि तिच्यामागून आलेल्या पहिल्या जॉर्जने ही प्रथाच बंद केली.

नाणं मात्र जॉन्सनने जन्मभर गळ्यात ठेवलं. कोश निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १७५६ साली, सहा पौंडांहूनही कमी कर्जापायी त्याला अटक झाली. तेव्हा त्याने मित्राकडे हात पसरले, नाणं विकलं नाही.