तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपेराच का?

ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक. त्यातलं गाणं स्पीकरवर लावून मी त्यावर अभिनय करते. प्रयोग संपला की कुणीतरी गाठतंच. "एवढी नाट्यपदं असताना ऑपेरा कशाला? आणि मरणाऱ्या बाईला हसवायला का लावता?" फोंड्यात विचारलंत, डिचोलीत विचारलंत, जत्रेत देवळाच्या पायरीवर चप्पल शोधतानाही विचारलंत. दर वेळी घाईत काहीतरी बोलून मी सुटले.

नक्कल म्हणता तेव्हा मात्र राग येतो. सूर लावताना आधी बरगड्या फुलतात, खांदे खाली बसतात, मग आवाज येतो. मी ते सगळं करते, आवाज तेवढा स्पीकरवर असतो. सूर लांबला की रुमाल हातातून निसटतो. तोंड उघडंच, आणि पाय जमिनीवर रुमाल चाचपू लागतो. तिथे तुम्ही हसता. हसावंच.

मी करते तो ऑपेरा, इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'ला त्राविआता', ६ मार्च १८५३ ला व्हेनिसमध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हाही शेवटच्या अंकात लोक हसले होते. नायिका व्हिओलेत्ता क्षयाने खंगलेली, आणि गाणारी बाई अंगाने चांगली भरलेली. गाणं एक सांगतंय, अंग दुसरंच. मला ती फट हवी होती. आमच्या उत्सवी नाटकांत ती लहानपणापासून पाहिलेली: शोक ऐन भरात, पदाला वन्स मोअर आला, की शोक थांबवून पद पुन्हा.

त्या नाटकांत बाबा स्त्री-भूमिका करायचे. बाई रंगमंचावर कशी चालते हे मी बाबांकडूनच शिकले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाणं सुटलं.

गावच्या मंडपात प्रयोग होता. बाबा पुढच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. शेवटी व्हिओलेत्ताला वाटतं, दुखणं गेलं, अंगात बळ आलं. ती उठते आणि कोसळते. त्या उठण्यात मी बाबांचा हात घातला होता. तानेच्या आधी ते उजवा तळवा छातीपासून वर न्यायचे, करंगळी जराशी वेगळी, नजर ऑर्गनवाल्याकडे. तसाच हात वर गेला आणि मंडप हसला. पुढच्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली.

बाबा चालत घरी गेले होते. मी पोचले तेव्हा ते सोप्यावर काळोखात बसलेले. दिवा लावू दिला नाही.

"तो हात म्हजो न्हय गो?"

मी व्हय म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जेवले, निजले.

प्रयोग बसवताना मी वहीत लिहिलं होतं, 'इथे बाबांचा हात. आदरांजली.' आज ते पान उघडवत नाही. जिवंत माणसाला, त्याला न विचारता, आदरांजली कसली? पण तेव्हाची मी खोटी नव्हते. ज्या हाताने मला नाटक दिलं, तो घेतल्याशिवाय मला उठताच येत नव्हतं.

पुढचे तीन प्रयोग हात काढून केले. हसू आलं नाही, आणि कोसळणंही नुसतं पडणं झालं. चौथ्याला परत घातला. म्हणजे ऑपेरा का, याचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. परक्या भाषेतल्या त्या गाण्यात बाबांचा हात कुणी ओळखणार नाही, असं मला वाटलं होतं. नाट्यपदावर तो उचलायची माझी हिंमत नव्हती, आजही नाही.

पुढचा प्रयोग माशेलला आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.