बाकीचे उपास सरकारी

आमच्या सातारा जिल्ह्यानं देशाला दोन मोठे संख्याशास्त्रज्ञ दिले आणि त्या दोघांचं जुंपलं ते 'भारतात उपाशी माणसं किती' या प्रश्नावर. एक पां. वा. सुखात्मे, खटाव तालुक्यातल्या बुधचे. दुसरे वि. म. दांडेकर, खुद्द साताऱ्याचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये दोघांचे लेख-प्रतिलेख झडत होते. नेमक्या त्याच काळात मी सांख्यिकी खात्यात अन्वेषक म्हणून लागले होते. ज्यांच्या ताटावरून पुण्या-मुंबईत हा वाद चालला होता, त्यांच्या उंबऱ्यावर पोत्यावर बसून मी तेल, मीठ, तिखट, काडेपेटी लिहून घेत होते. वादाचा पत्ता मला नव्हता. तो मी निवृत्तीनंतर वाचला.

हे लिहायचं निमित्त भाचीचं. ती पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते. तिला राजकीय विनोदावर काहीतरी लिहायचंय. "मावशी, तुझ्याकडं पुस्तकं आहेत ना?" म्हणून आली आणि कपाटात आकडेवारी नि नीतिशास्त्र बघून हिरमुसली. मी तिला म्हटलं, आधी हीच वाच, विनोद आपोआप सापडेल. तिला ते पटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक १९७१चं, म्हणजे 'गरिबी हटाओ'च्या निवडणुकीच्याच वर्षातलं. एका बाजूला भिंती रंगत होत्या आणि दुसरीकडे हे दोघं राष्ट्रीय नमुना पाहणीचे (देशभरातली निवडक घरं घेऊन सरकार करतं ती पाहणी) १९६०-६१चे तक्ते घेऊन बसले होते. माणशी रोज २२५० उष्मांक पोटात जायचे तर घरात किती खर्च व्हायला हवा? त्यांचं उत्तर: खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं, शहरातली सुमारे ५० टक्के. पुस्तकात कुठं आवाज चढलेला नाही. तक्ता, त्याखाली दोन वाक्यं, पुन्हा तक्ता. पण गरिबी हटवायची म्हणणाऱ्याला 'किती जणांची?' असं विचारायची सोय त्या पुस्तकानं करून दिली, आणि माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात बोचरी राजकीय टीका तीच होती.

आता सुखात्मे. शेतकी कॉलेजात शिकलेल्या कुणालाही 'पानसे-सुखात्मे' म्हणा, तो पुस्तकाचंच नाव सांगितल्यासारखी मान डोलावेल. शेतीतल्या प्रयोगांचं संख्याशास्त्र कित्येक पिढ्या त्याच पुस्तकावरून शिकल्या. सुखात्मे अन्न व कृषी संघटनेत रोमला जवळजवळ वीस वर्षं संख्याशास्त्राचं काम बघत होते. त्यांचा आक्षेप असा: सरासरी गरज ही सरासरी आहे. निरोगी माणूसही एका आठवड्यात कमी खातो, दुसऱ्यात जास्त. वजन तेच, काम तेच. मग सरासरीच्या खाली दिसला की उपाशी धरायचा, हे कुठलं शास्त्र? रेषा सरासरीवर न ओढता दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) खाली ओढा. तशी ओढली की उपाशी माणसांचा आकडा एकदम खाली येतो. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. माझ्या भाषेत सांगायचं तर, कमी खाऊन माणूस तग धरतो याचा अर्थ त्याला तेवढं पुरतं असा होत नाही.

मनानं मी दांडेकरांच्या बाजूची. पण सुखात्म्यांचं दुसरं म्हणणं होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही ते घाण पाण्यामुळं. आधी पाणी द्या. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या घरात शेड्यूलवर, म्हणजे आमच्या प्रश्नांच्या फॉर्मावर, ज्वारी-बाजरी बरी भरायची, त्याच घरात हगवणीनं पोरगं चिपाड झालेलं असायचं. पाण्याला या पाहणीत तेव्हा जागाच नव्हती. म्हणून सुखात्म्यांना 'सरकारधार्जिणे' म्हणून निकालात काढणारे लोक भेटले की मी वाद घालते.

१९८३ साली नमुना पाहणीची अडतिसावी फेरी झाली. तिच्यात पहिल्यांदाच एक सरळ प्रश्न घातला होता: घरातल्या सगळ्यांना दोन वेळचं पोटभर जेवण मिळतं का? वर्षभर, काही महिने, की कधीच नाही? दिल्लीत बसून सोपा वाटतो. माण-खटावकडच्या एका वस्तीवर मी तो विचारला. सून भाकरी थापत होती, सासूबाई भिंतीला टेकून तंबाखू मळत होत्या. सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "वरीसभर. आमी काय भिकारी हाय व्हय?" मी 'वर्षभर'चा कोड लिहिला. तेवढ्यात सुनेनं काठवटीतून मान वर न करता विचारलं, "बाई, उपास कुठं लिवायचं?"

मी म्हटलं, कसले उपास?

"चतुर्थी नि एकादशी देवाची. बाकीचे सरकारी."

सासूबाईसुद्धा हसल्या. मीही हसले. कोड मात्र बदलला नाही, कारण घराचं उत्तर सासूबाईंनी दिलं होतं. शेड्यूलच्या शेवटी अन्वेषकाचा शेरा लिहायला जागा असते. तिथं मी सुनेचं वाक्य लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं, "हे काय?" म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. त्यांचंही बरोबरच होतं, शेऱ्याचं टॅब्युलेशन कोण करणार?

त्या प्रश्नावर पुढं अभ्यासकांनीही आक्षेप घेतला, की पोटभर मिळत नाही असं परक्यापुढं कोण कबूल करील? खरंय. पण सुनेनं कबूल केलं होतं. चेष्टेत केलं. अब्रू सासूनं राखली, माहिती सुनेनं दिली, आणि दोघींनी मिळून मला पूर्ण उत्तर दिलं. आमच्या फॉर्मात त्यातलं अर्धंच बसत होतं.

इथं भाची म्हणते, "मावशी, हा डेटा नाही, किस्सा आहे." शब्द तिच्या सरांचे असावेत. मान्य. एक किस्सा म्हणजे किस्साच. पण विनोदावरचं तुमचं सगळं संशोधन कुठल्या नमुन्यावर उभं आहे, हे मी तिला उलट विचारलं. भारतातल्या व्यंगचित्रांवर रितू गैरोला खंडुरी यांचं जाडजूड पुस्तक आहे, २०१४चं, केंब्रिजनं काढलेलं. पुस्तक चांगलं आहे. बाई व्यंगचित्रकारांना भेटल्या, वाचकांनाही भेटल्या. पण शेवटी साहित्य वर्तमानपत्रातलं. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बघा: धोतर, चौकड्यांचा कोट, १९५१पासून टाइम्समध्ये, तोंडातून शब्द नाही. आमच्या खात्याच्या 'सरासरी माणसा'चीच ती मूर्ती. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात पुतळाही आहे त्याचा, आणि दांडेकर जिथं होते ती गोखले इन्स्टिट्यूट तिथून फार लांब नाही. कॉमन मॅनची बायको निदान बोलते तरी! भाकरी थापणारी बोलली तर ते कुठं छापून येतं? राजकीय विनोदाच्या अभ्यासात नमुन्याची चौकटच, म्हणजे ज्यातून निवडायचं ती यादीच, मुळात छापील कागदाची, त्यामुळं चौकटीबाहेरचं घर कधी निवडलंच जात नाही. आमच्यात एवढी मोठी चूक केली असती तर फेरीच रद्द झाली असती.

आणि गोळा करता येत नाही असंही नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर गोळा केल्या. ओवीला चाल असते, ती तोंडपाठ राहते. चेष्टा बोलली की हवेत विरते, तिच्यासाठी माणूस त्याच वेळी तिथं वहीसकट बसलेला लागतो. असा सरकारी पगारावर बसलेला माणूस म्हणजे अन्वेषक!

चळवळींना मात्र हे बरोबर कळलेलं असतं. नंदिता गांधी यांचं महागाईविरोधी आंदोलनावरचं पुस्तक, 'व्हेन द रोलिंग पिन्स हिट द स्ट्रीट्स', भाचीला मी आधी वाचायला दिलं ते याचसाठी. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एका समितीत आल्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य, सगळ्याचे भाव चढलेले. मोर्चात घोषणांच्या पाट्या होत्याच, पण हातात लाटणं होतं. लाटणं उगारलेली बायको हा तोवर नवऱ्यांच्या विनोदाचा ठरलेला विषय. ते लाटणं त्यांनी सचिवालयाच्या (आताच्या मंत्रालयाच्या) दिशेनं फिरवलं. रात्री घराघरांतून थाळ्या बडवल्या, रिकाम्या. दांडेकर-रथांच्या तक्त्यातली शहरातली खालची माणसं जर कुठं ऐकू आली असतील तर ती त्या थाळीनादात. पुढं १९७७ साली मृणालताई, गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या 'पाणीवाली बाई', खासदार झाल्या, इंदिराबाई पडल्या आणि लोकांनी घोषणा केली: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' ती कुणी रचली, कुणाला ठाऊक नाही. सुखात्म्यांनी ज्या पाण्यासाठी लेखामागून लेख लिहिले त्या पाण्याला मतपेटीपर्यंत नेलं ते गोरेगावच्या हंड्यांनी.

नीतिशास्त्राचं पुस्तक म्हणजे 'गीतारहस्य'. ते भाचीनं हातातसुद्धा घेतलं नाही, "ते अध्यात्माचं ना?" म्हणाली. टिळकांचं चौथं प्रकरण वाचा. पुष्कळांचं पुष्कळ सुख ज्यात ते नीतीचं, या इंग्रज तत्त्वज्ञ मिलच्या मताचा तिथं त्यांनी समाचार घेतलाय. गणिताचा माणूस, डोकी मोजून नीती ठरते का, हा प्रश्न अगदी सफाईनं मांडतो. उदाहरण अमेरिकेतल्या एका शहराचं आहे: ट्राममार्गाची परवानगी रखडते, व्यवस्थापक अधिकाऱ्यांना लाच देतो, ट्राम लवकर सुरू होते, गावाची सोय होते. पुढं भानगड बाहेर येते आणि त्याला शिक्षा होते. सुख तर पुष्कळांना झालं, मग गुन्हा कसला?

हे प्रकरण माझ्या दारात येऊन गेलंय. एका गावात सरपंचांनी चहा पाजून हळूच सांगितलं, "बाई, आमचं गाव जरा गरीब दाखवा. तुमचं काय जातंय? काम आलं तर पोरांना रोजगार मिळंल." तेव्हा प्रादेशिक अनुशेषासाठी दांडेकर समिती नेमलेली होती, गावोगाव 'मागासलेपण' हा शब्द नुकताच फायद्याचा झाला होता. सरपंच काही खोटारडा माणूस नव्हता. त्याचा हिशेब मिलचा होता. मी म्हटलं, सरपंच, गरीब दाखवायची गरज नाही, आहात. त्यांना राग आला, मग हसले. पण आकडे आले तसेच लिहिले. दहा घरांचं खोटं लिहिलं की ते पुढं गुणाकार होऊन लाखो घरांचं होतं, आणि मग दांडेकर-सुखात्म्यांचं भांडणसुद्धा खोट्यावरचं होतं.

भाची आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मीमवर लिहायचं म्हणते. स्क्रीनशॉट मिळतात, तारीख मिळते, मार्गदर्शकही खूश. मी विचारलं, मीम बनवणारे कोण, नुसतं पुढं ढकलणारे कोण, आणि ज्यांच्या घरात एकच फोन नि तो नवऱ्याच्या खिशात, त्या कुठल्या रकान्यात? ती म्हणाली, मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाकीन.

जाताना तिनं माझ्या जुन्या वह्या मागितल्या. त्या वस्तीचं नाव, सुनेचं नाव, आता भेटता येईल का, वगैरे. वह्या दिल्या नाहीत. दारात उभं राहून 'तुमची माहिती कुणाला सांगणार नाही' असं म्हटल्यावरच मला आत घेतलं होतं, आणि त्या वचनाला मुदत घातलेली नव्हती. वाक्य तेवढं वर दिलंय. त्यासाठीसुद्धा त्या बाईची परवानगी घ्यायला हवी होती, असं भाचीचं म्हणणं आहे. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येतेय. १९७१चं पुस्तक तेवढं घेऊन गेलीय, त्यातला शहराचा तक्ता समजला नाही म्हणून फोन होता.