साळगावचा ज्यूकबॉक्स: वीज, नाणं आणि रेकॉर्डचं भोक

गोव्यातल्या साळगावच्या एका रेस्टॉरंटच्या मालकांनी दुरुस्तीसाठी मला फोन केला आणि एवढंच सांगितलं: "ज्यूकबॉक्स वाजतो, पण गाणं रडतं." ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकून निवडलेली रेकॉर्ड वाजवणारी पेटी. यंत्र १९६० च्या दशकातलं अमेरिकन रॉक-ओला कंपनीचं, ५० रेकॉर्डींचं, म्हणजे दोन्ही बाजू धरून १०० निवडी. जुन्या सामानाच्या कंटेनरमधून आलेलं. आधीच्या मेकॅनिकने कपॅसिटर बदलले, स्पीकर बदलला, सुई नवी घातली. आवाज स्वच्छ झाला, पण रडणं तसंच राहिलं.

कोकणी गायिका लोर्नाची जुनी रेकॉर्ड लावली होती. पहिलं कडवं संपायच्या आत मालकांच्या आत्या बोलल्या, "अरे, ही लोर्ना नव्हे. कोणी तरी बाप्या गातोय." निम्मं निदान तिथेच झालं. आवाज थरथरत असेल तर रबर, बेअरिंग किंवा रेकॉर्डचं भोक तपासायचं. आवाज स्थिर असून एकसारखा खाली असेल तर दोष फक्त वेगाचा. लेबलवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ४५ हवेत, भरले साडेसदतीस.

हा आकडा दिसला की बाकीचं कोडं उरत नाही. ४५ चे पाच षष्ठांश म्हणजे ३७.५, आणि ६० हर्ट्झचे पाच षष्ठांश म्हणजे ५०. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची, आणि या मोटारीचा वेग हर्ट्झवर चालतो. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११७ करतो, पण हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. ॲम्प्लिफायर कितीही उघडला तरी हे सुटणारं नव्हतं.

या जातीच्या यंत्रात मोटारचा दांडा रबरी आयडलरला, म्हणजे मधल्या चाकाला, घासतो आणि आयडलर टर्नटेबलची कड फिरवतो. आयडलर मोठा किंवा लहान करून वेग बदलत नाही, तो मधला निरोप्या आहे. बदलायचा तो दांड्याचा व्यास, सहा पंचमांश पट. कॅलिपरवर दांडा ५ मिमी भरला, म्हणजे ६ मिमी हवा. त्यासाठी दांड्यावर चढवायची पितळी नळी, म्हणजे बुश: आत ५, बाहेर ६, भिंत जेमतेम अर्धा मिमी.

काम इथेच नाजूक आहे. बुश आधी आतून ड्रिल व रीम करून (भोक नेमक्या मापाचं करून) घ्यायचा, मग मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांडीवर) चढवून बाहेरून कातायचा, नाहीतर आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एककेंद्री राहत नाही. ३ मिमी त्रिज्येवर ०.०३ मिमीचा फरक म्हणजे वेगात एक टक्का वर-खाली. मोटार सेकंदाला वीसहून जास्त वेळा फिरते, म्हणून तो फरक लहरीसारखा ऐकू येत नाही, आवाज घोगरा होतो. म्हापशाच्या लेथवाल्याने केलेला पहिला बुश डायल गेजवर ०.०५ मिमी डोलला, तो बाजूला ठेवून दुसरा करून घेतला. बसवताना लॉकटाइटचा (धातू पक्के धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरे. आयडलरचं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पेट्रोलने कधीच नाही, रबर फुगतं. फेरे पुन्हा मोजले, ४५ भरले. आत्यांनी मान डोलावली आणि दुसरी बाजू लावायला सांगितलं.

मोटार मात्र चटका बसेल इतकी तापत होती. ६० हर्ट्झची मोटार ५० वर चालली की जास्त करंट ओढते. त्यात रात्री लाइन २४५ व्होल्टपर्यंत चढे आणि ११७ च्या जागी जवळपास १२५ व्होल्ट मिळत. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग १०५ व्होल्टचा टॅप (वेगळी जोडणी) असलेला ७५० व्हीए क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे यंत्राला लाइनपासून वेगळं ठेवणारा. अमेरिकन दोन-पिनी प्लग काढून तीन-पिनी लावला आणि चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) अर्थिंग दिलं. नाण्याचं दार धातूचं आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक ओल्या पायांनी येतं. अर्थिंगचं हे काम मी पैशांच्या वाटाघाटीत कधीच सोडत नाही.

मग नाणी. यंत्र क्वार्टरसाठी, म्हणजे अमेरिकन पाव डॉलरच्या नाण्यासाठी, बांधलेलं: २४.२६ मिमी, ५.६७ ग्रॅम. आपला २५ मिमीचा जुना रुपया मार्गात अडकतो. नवा २० मिमीचा रुपया आणि २३ मिमीचे दोन रुपये नाणं तोलणाऱ्या पाळण्यातून निसटतात. शिवाय दोन्ही फेरिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या, स्टीलचे. लोखंडी चकत्या टाकून फुकट गाणी ऐकणाऱ्यांना अडवायला या यंत्रणेत चुंबक असतं, आणि आपला खरा रुपया त्याला चकतीच वाटतो. दार उघडलं तर चुंबकाला रुपये चिकटलेले आणि ते खरवडून काढणारा परतीचा लिव्हर जुन्या ग्रीसने गोठलेला. लिव्हर साफ करून कोरडाच ठेवला, कारण नाणेमार्गात तेल घातलं की धूळ बसून लापशी होते. चुंबक काढायला मालक सांगत होते, मी नकार दिला. त्याऐवजी गल्ल्यावर क्वार्टरांची बरणी ठेवायला सांगितली. परकी नाणी जवळ बाळगायला आपल्याकडे मर्यादा नाही. गिऱ्हाइकाला क्वार्टर टोकन म्हणून द्यायचं, संध्याकाळी पेटीतून काढून परत बरणीत.

रेकॉर्डींवरून मात्र आमचा थोडा वाद झाला. ज्यूकबॉक्सला ३८ मिमीचं भोक लागतं, भारतीय ४५ च्या रेकॉर्डींना बहुतेक ७ मिमीचं लहान भोक. कटरने मोठं करता येतं, पण केंद्र केसभर सरकलं की गाणं लहरी खातं, आणि कापलेली रेकॉर्ड पुन्हा सांधता येत नाही. आत्यांच्या कपाटात लोर्ना आणि गायक आल्फ्रेड रोज यांच्या ईपी (लहान रेकॉर्डी) वेष्टनासकट होत्या. त्या कापायला मी हात लावला नाही. जड टोनआर्मखाली (सुई धरणाऱ्या दांडीखाली) रोज घासायला तर मुळीच नाहीत. त्याच ईपींच्या फाटक्या वेष्टनातल्या प्रती मुंबईच्या चोरबाजारातून मागवल्या आणि त्या कापल्या. ईपीच्या एका बाजूला दोन गाणी असतील तर नावाच्या पट्टीवर दोन्ही लिहायची, नाहीतर गिऱ्हाईक पहिलं गाणं संपताच नाणं परत मागतं.

सार्वजनिक जागी रेकॉर्ड वाजवायला परवाना लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९७१ ची रेकॉर्ड २०३१ संपेपर्यंत हक्कात आहे. मालकांनी ते कागद करायला घेतले. जूनपूर्वी कॅबिनेटच्या तळाला वाळवीचं औषध मारायचं आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवायच्या, हे त्यांना लिहून दिलं आहे.